पोरांना घेऊन कान्हेरीला: निघण्याआधी काय काय बघायचं

आधी वार बघा. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आपलं नॅशनल पार्क, सोमवारी बंद असतं आणि आतली कान्हेरीची लेणीही. जोडून आलेल्या सुट्टीतला सोमवार बघून डबेबिबे भरून निघाल, तर फाटकावरूनच माघारी यावं लागेल. रविवार चालतो, पण रविवारी अर्धी मुंबई तिथेच असते. दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीतला आठवड्यातला मधला वार मिळत असेल तर सोडू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. पावसाळ्यात कान्हेरीचा डोंगर देखणा दिसतो हे कबूल, पण काळ्या दगडावर शेवाळ चढतं, ओढ्याचं पाणी बघता बघता वाढतं, आणि सहा वर्षांच्या पोराचा हात धरून ओल्या पायऱ्या उतरताना देखणेपणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. एप्रिल-मेमध्ये तोच दगड सकाळी अकरालाच तापतो आणि संध्याकाळपर्यंत निवत नाही.

परतायची वेळ आधी ठरवा, निघायची नंतर. मुख्य फाटकापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे. मोठा माणूस दीड तासात चालत जाईल. सात-आठ वर्षांचं मूल तेवढ्याच रस्त्याला अडीच तास घेतं, कारण त्याला वाटेत वारूळ बघायचं असतं, पडलेली शेंग फोडायची असते, माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला कसं चिकटलंय ते तीनदा दाखवायचं असतं. त्यासाठीच तर आणलंय त्याला. पण तिथे पोचल्यावर चढायचा डोंगर अजून बाकीच असतो. म्हणून साधा हिशेब: आठ वर्षांखालची मुलं असतील तर जाता-येता उद्यानातली बस, आणि पायपीट फक्त लेण्यांच्या डोंगरावर. मुलं त्याहून मोठी असतील तर सकाळच्या गारव्यात चालत आत आणि येताना बस. हे उलटं करू नका. पोरांच्या पायातली ताकद दुपारी अचानक संपते, आधी काही सांगत नाही, आणि तेव्हा मधल्या रस्त्यावर बसकण मारलेलं मूल उचलून आणायची वेळ येते. बसच्या वेळा बदलत असतात, त्यामुळे परतीची शेवटची फेरी कधी हे आत शिरतानाच फाटकावर विचारून घ्या.

संध्याकाळी चारला फाटकाबाहेर असं धरा आणि तिथून मागे मोजत या. तीनच्या सुमाराला डोंगराच्या पायथ्याशी, दोनला उतरायला सुरुवात, बाराला जेवण, दहाच्या आत चढायला सुरुवात. म्हणजे चालत जाणाऱ्यांनी साडेसातला फाटकावर हवं, आणि दादर-ठाण्याकडून येणाऱ्यांनी सहाच्या आसपास घर सोडायला हवं. बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरायचं. फाटक हायवेला लागून आहे. मुलांना घेऊन असाल तर एवढ्यासाठी रिक्षाच करा, पाय वाचवा.

शिलोंड्यासारख्या जंगलातल्या पायवाटांवर आपल्या मनाने शिरता येत नाही. त्यासाठी निसर्ग माहिती केंद्रात आधी विचारून परवानगी आणि सोबतीला माहीतगार माणूस घ्यावा लागतो. पहिल्या खेपेला कान्हेरीच बरी. वाट ठळक आहे, माणसांचा राबता आहे, आणि कंटाळा आला तर कुठूनही मागे फिरता येतं.

मुलं आदल्या रात्री बिबट्याबद्दल विचारणारच. टाळू नका. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या वस्तीच्या मधोमध आहे आणि त्यात बिबटे राहतात, हे त्यांना सरळ सांगा. हेही सांगा की तो बहुतेक पहाटे, संध्याकाळी आणि रात्री फिरतो आणि आपण तोवर घरी असतो. (चारचा हट्ट त्यासाठीही आहे.) सफारीतले वाघ-सिंह कुंपणाच्या आतले, मोकळे नाहीत, हाही खुलासा करून टाका, नाहीतर झोप उडते. चालताना एक मोठं माणूस सगळ्यांत पुढे, एक सगळ्यांत मागे, पोरं मधे. पुढे पळायचं नाही, मागे रेंगाळायचं नाही. समजा दिसलाच, तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही. लहान मुलाला उचलून घ्यायचं आणि पाठ न फिरवता हळूहळू मागे सरकायचं.

खरा उपद्रव मात्र माकडांचा. काळ्या तोंडाची वानरं अंतर राखून असतात. लाल तोंडाची माकडं हातातली पिशवी ओढतात, आणि वेफर्सच्या पुडीचा आवाज ती पोरांइतकाच चांगला ओळखतात. म्हणून पुड्या घरीच ठेवा. हातात लोंबणारी पिशवी नको. सगळं खाणं चेन लागणाऱ्या सॅकमध्ये, आणि सॅक मोठ्यांच्या पाठीवर. माकड समोर आलं तर मुलांनी दात दाखवून हसायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. खायला तर मुळीच घालायचं नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर ही गोष्ट त्यांना जास्त समजवावी लागते. हनुमानाला केळं देण्यापासून त्यांना रोखणं पोरांपेक्षा अवघड.

डब्यात काय? थालीपीठ किंवा दशमी, सोबत कोरडी चटणी. दही-ताक, रस्सा, उसळ नको. गूळ-शेंगदाण्याचे लाडू उत्तम, पण चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नका, चालता चालता घशात अडकतात. उकडलेली रताळी, काकडी, खजूर. संत्री नेलीत तर सालं परत आणायची तयारी ठेवा. एका बैठकीत पोटभर जेवण घालण्यापेक्षा दर पाऊण तासाला दोन घास द्या. भुकेजलेलं पोर दमलेल्या पोरापेक्षा लवकर रडतं. जेवायला लेण्यात बसायचं नाही, बाहेर सावलीत बसा.

पाणी मोठ्यांना दीड-दोन लिटर, मुलांना प्रत्येकी लिटरभर, स्टीलच्या नाहीतर चांगल्या टिकाऊ बाटल्यांत. एकदाच वापरायचं प्लास्टिक उद्यानात नेऊच नका. ओआरएसच्या दोन पुड्या ठेवा. पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायची असते, अंदाजाने अर्ध्या ग्लासात नाही. लेण्यांशेजारी दगडात कोरलेली टाकी आहेत, त्यांत पाणीही दिसेल, पण ते प्यायचं नाही. मुलाच्या पाठीवर त्याची स्वतःची छोटी सॅक जरूर द्या, त्याला ती हवीच असते. तिचं वजन त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या वर जाऊ देऊ नका. वीस किलोच्या मुलाला दोन किलो, बाटली धरून.

बूट नवे नकोत. सहलीसाठी म्हणून आदल्या दिवशी घेतलेले बूट टाच सोलतात. घ्यायचेच असतील तर पंधरा दिवस आधी घ्या आणि शाळेच्या मैदानावर, सोसायटीच्या आवारात मुरवा. तळवा रबरी आणि खाचांचा हवा. ट्रेकला जाणारे वापरतात ते साधे हंटर शूज मोठ्यांना पुरतात. क्रॉक्स, फ्लोटर्स घरी. पायाची नखं दोन दिवस आधी कापा, उतरताना ती बुटाच्या टोकाला घासतात. मोज्यांचा एक जोड जादा.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे, सुती, मळखाऊ रंगाचे. ऊन आणि डास हे त्याचं एक कारण झालं, दुसरं खाजकुयली. हिवाळ्यात तिच्या शेंगा वाळतात. मखमलीसारख्या मऊ दिसतात, त्यामुळे मूल हात लावणारच. त्यावरची बारीक कुसं अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो, आणि खाजवलं की ती पसरतात. शेंगेचा फोटो आदल्या दिवशी मोबाइलवर दाखवून ठेवा. लागलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी दाबून दाबून कुसं उचलायची, मग भरपूर पाण्याने धुवायचं. म्हणून चिकटपट्टीचं एक रीळ यादीत. अत्तर, डिओ लावू नका: डोंगरकपारीत आग्या मोहोळ असू शकतं आणि मधमाश्यांना उग्र वास खपत नाही. त्याच कारणासाठी धूर नाही, आरडाओरडा नाही, ब्लूटूथ स्पीकर तर नाहीच. स्पीकर नेणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

औषधांच्या पाऊचमध्ये पट्ट्या, जंतुनाशक, क्रेप बँडेज, कॅलामाइन, छोटा चिमटा आणि तुमच्या मुलांच्या डॉक्टरांनी त्यांच्या वजनानुसार लिहून दिलेलं तापाचं आणि ॲलर्जीचं औषध. साप चावला तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यांतलं काहीही करायचं नाही. मुलाला हलू न देता, तो अवयव स्थिर ठेवून, थेट मोठ्या रुग्णालयात. १०८ ही रुग्णवाहिका, १९२६ ही वनविभागाची हेल्पलाइन. दोन्ही क्रमांक कागदावर लिहून ठेवा, कारण आत मोबाइलची रेंज येते-जाते. तुमचा स्वतःचा क्रमांक मुलाच्या मनगटावर बॉलपेनने लिहा आणि गळ्यात शिट्टी अडकवा. नियम एकच: चुकलो असं वाटलं की जागचं हलायचं नाही आणि शिट्टी वाजवत राहायचं. शिट्टी एरवी वाजवली तर जप्त, हेही आधीच सांगा.

आता पोरांना तिथे करायला काय, याची तयारी. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा शोधायच्या गोष्टींची चिठ्ठी करून मुलांच्या हातात द्या. लेणं क्रमांक ३ म्हणजे मोठा चैत्य (बौद्ध भिक्षूंची प्रार्थनेची जागा), त्याच्या ओवरीत दोन्ही टोकांना उभे असलेले उंचच उंच बुद्ध. आतल्या खांबांच्या माथ्यावरचे हत्ती. क्रमांक ११ मध्ये जमिनीलगत कोरलेले दोन लांबलचक कट्टे: ते कशासाठी असतील, हे त्यांनाच ओळखू द्या. क्रमांक ४१ मध्ये अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व; ही तोंडं मोजण्यात पंधरा मिनिटं निवांत जातात. मग पाण्याची कोडी: डोंगरउतारावर कोरलेल्या पन्हाळी कुठून कुठे जातात आणि पाणी टाक्यात कसं उतरतं, ते बोटाने दाखवत वर चढायचं. माझ्या मते कान्हेरीची सगळ्यात मजेदार गोष्ट ही पन्हाळीच आहे, मूर्तींपेक्षाही. क्रमांक ९० मध्ये पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. मुलं लगेच म्हणतील, मग आपणही लिहूया. आता तसं केलं तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, हे उत्तर तयार ठेवा.

लेण्यांचं तिकीट उद्यानाच्या तिकिटापेक्षा वेगळं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही; तरी वयाचा काही पुरावा मोबाइलमध्ये असू द्या. थोडी सुटी रोकड ठेवा. बाथरूमचं फाटकावर आणि पायथ्याशी उरकून घ्या, वर सोय नाही असं धरूनच चढा. कचऱ्यासाठी कापडी पिशवी, ओल्या हातांना छोटा पंचा, वर्तमानपत्राचे दोन कागद बसायला. डोक्याला टोपी. संपलं.

नाही, घरी आल्यानंतरचं राहिलं. सोफ्यावर बसायच्या आधी सगळ्यांचे कपडे थेट बादलीत, इतर धुण्यात न मिसळता. कुसं असतील तर घरभर होतात. अंघोळ घालताना मुलांच्या कानांमागे, काखेत, गुडघ्यांच्या मागे आणि कमरेच्या नाडीखाली गोचीड लागलाय का बघा. असलाच तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायचा, पिरगाळायचा नाही, तेल-रॉकेल लावायचं नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगा.