घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरताना काय काय बघायचं

डॉक्टर घरी ऑक्सिजन लावायला सांगतात, डीलरचा माणूस मशीन आणून भराभर दाखवून जातो आणि पुढचं सगळं घरच्यांवर येतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

हे मशीन खोलीतलीच हवा ओढतं, झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक खड्यांमध्ये नायट्रोजन अडकवतं आणि साधारण 90 ते 95 टक्के ऑक्सिजन नळीतून देतं. त्यामुळे ते भिंतीपासून, पडद्यापासून फूटभर लांब ठेवा, कोपऱ्यात कोंबलं की तापतं. मागचा स्पंजचा फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावायचा. 2021 च्या कोविडमध्ये घेतलेलं मशीन माळ्यावरून काढणार असाल तर आधी टेक्निशियनकडून ऑक्सिजनची टक्केवारी मोजून घ्या, कारण पडून राहिलं की दमटपणाने आतले खडे खराब होतात, मशीन मस्त घरघरतं पण ऑक्सिजन कमीच येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लिटर, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडायचा ते. डॉक्टरांनी 2 लिटर लिहिलंय तर 2 च ठेवा. मशीनवरच्या काचेच्या नळीसारख्या मीटरमध्ये वरखाली होणारी गोळी असते, ती बघताना डोळे गोळीच्या उंचीवर आणा, रेघ गोळीच्या मधोमध हवी, वरून उभ्याने बघितलं की आकडा चुकतो. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या पेशंटला (चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या कितीतरी आज्या यात येतात) सहसा 88 ते 92 टक्के एवढंच सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ठेवायचं असतं. ऑक्सिमीटरवर 90 दिसलं की घरचे घाबरून बटण फिरवतात, ते प्लीज करू नका, काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखणं, गुंगी, असंबद्ध बोलणं असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन, उठवूनही उठत नसेल तर सरळ 108. आणि बोट गार असेल किंवा नखांवर मेंदी असेल तर रीडिंगवर भरवसा ठेवू नका, बोट चोळून गरम करून दुसऱ्या बोटावर बघा.

ऑक्सिजन ओलसर करायला मशीनला लावलेल्या पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर दोन खुणांच्या मध्ये, रोज बदलायचं. बाटलीत बुडबुडे येत नसतील तर बहुतेक वेळा झाकण तिरकं बसलेलं असतं किंवा नळी कुठेतरी पलंगाच्या पायाखाली दबलेली असते. नाकातली टोकं खाली वळलेली हवीत. रोज किमान 15 तास लावायला सांगितलं असेल तर झोपेतले तास त्यात धरा, दम लागला की तेवढ्यापुरतं लावून तो फायदा मिळत नाही.

आग! ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत विडी-सिगारेट, देवाचा दिवा, उदबत्ती काहीही नको, देवघर तिथेच असेल तर पेशंटची खोली बदला. नळी लावून गॅससमोर उभं राहायचं नाही. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन नको, पाण्याचा बेस असलेलं जेल डॉक्टरांना विचारून घ्या.

लाइट गेली तर? 5 लिटरचं मशीन साधारण 350 वॅट खातं, इन्व्हर्टरवर किती वेळ चालतं ते लाइट असतानाच मेन स्विच बंद करून बघून ठेवा. शिवाय ऑक्सिजनचा एक बी टाइप (मध्यम आकाराचा) सिलिंडर भरून घरात हवाच, 2 लिटरने तो साधारण 12 तास जातो. तो उभा, बांधून ठेवा, चावी त्यालाच अडकवा आणि उघडायचा कसा ते घरातल्या किमान दोघांना तरी शिकवा.