अर्ज अशिलाचा, सही माझी

वकिलीची सनद मिळून चारच महिने झाले होते. पेडण्याकडचा एक अशील ऑफिसात आला. भाटाचा, म्हणजे माडबागेचा वाद, मनाईहुकमाचा अर्ज फेटाळलेला. "वकीलबाब, जज त्यांचाच. पलीकडच्या वकिलाकडे बघून हसतो. केस दुसऱ्या कोर्टात न्या."

मी हुरूपाने बदली अर्ज लिहिला. दुसऱ्या परिच्छेदात 'पक्षपाती', तिसऱ्यात 'संगनमत'. संध्याकाळी माझे सीनियर, आमचे सर, तो वाचता वाचता तिसऱ्या परिच्छेदावर थांबले, चष्मा काढला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"अशिलाने."

"आणि खाली सही कोणाची?"

मग त्यांनी शरीफ खटल्याचा निकाल काढून दिला. नागपूरच्या दोन वकिलांनी असाच बदली अर्ज सही करून दिला होता. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की न्यायाधीशावर चिखलफेक करणाऱ्या अर्जावर, आरोपाला सकृद्दर्शनी आधार आहे का याची खात्री न करता सही करणारा वकीलही न्यायालयाच्या अवमानाचा दोषी ठरतो. 'अशिलाने सांगितलं' हा बचाव नाही. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांतही हेच आहे: वकील म्हणजे अशिलाचा भोंगा नव्हे.

नव्यांना अवमान म्हणजे कोर्टात आवाज चढवणं वाटतं. 'माय लॉर्ड म्हणायचं का?' हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. (तालुक्याच्या कोर्टात 'सर' चालतं, २००६ पासून नियमच तसा आहे.) ठासून युक्तिवाद करणं, 'माझा मुद्दा रोजनाम्यात नोंदवा' म्हणणं, यात अवमान नाही. मला एकदा भर कोर्टात 'पुस्तक वाचून या' असं सुनावलं गेलं; मी मान खाली घालून बसलो आणि दुपारी खरंच पुस्तक वाचलं. चूक माझीच होती.

१९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खालचं कोर्ट या कायद्याखाली स्वतः शिक्षा देत नाही, प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवतं, म्हणजे आपल्या गोव्यात पर्वरीला. सनदेवरची कारवाई वेगळी, ती बार कौन्सिल करते. संपलेल्या खटल्याच्या निकालावर रास्त टीका करायला कलम ५ मोकळीक देतं. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाविरुद्ध खरंच तक्रार असेल, तर ती सद्भावनेने उच्च न्यायालयाकडे करता येते. कलम ६ त्यासाठीच आहे. ही वाट नव्यांना कोणी दाखवत नाही. ते रागाने फेसबुकवर लिहून मोकळे होतात.

गोव्यात खरी कसोटी कोर्टाबाहेर असते. इथे न्यायाधीश लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतात, जत्रेत भेटतात, कधी लांबचे नातेवाईक निघतात. चालू खटल्याबद्दल न्यायाधीशाशी खाजगीत एक शब्द बोलायचा नाही, हा नियम मुंबईत सोपा असेल. इथे त्यासाठी रोज जीभ आवरावी लागते. नमस्कार करावा, पावसाबद्दल बोलावं, सटकावं. जवळचं नातं असेल तर त्या कोर्टात वकीलपत्रच घालू नये. आणि शेजारी अशील उभा असेल तर नमस्कारही लांबूनच. कारण मग तो गावभर सांगतो, 'आमचा वकील जजच्या घरचा.' पलीकडचा अशील हेच ऐकतो आणि त्याच्या वकिलाकडे जाऊन म्हणतो, 'केस दुसऱ्या कोर्टात न्या.'

त्या रात्री मी तिसरा परिच्छेद खोडला, मग दुसरा. उरलं ते एवढंच, की कोर्टाने विक्रीखत नीट वाचलं नाही. त्यावर बदली अर्ज होत नाही, अपील होतं, आणि त्याला तीस दिवसांची मुदत होती. सकाळी अशिलाला तसं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, फाईल काखेत मारली आणि दुसरा वकील लावायला ना-हरकत मागितली. मी लगेच लिहून दिली. मुदतीचे अकरा दिवस उरले होते. तेवढं मात्र त्याच्या फाईलवर लाल शाईने लिहून ठेवलं.