घराचा नकाशा उन्हाशी कसा जुळवावा

घर बांधायला काढलं की पहिली चर्चा होते ती दार कुठल्या दिशेला ठेवायचं याची. पण ऊन घरात शिरतं ते खिडक्यांतून, आणि मुरतं भिंतींत नि छपरात. तेव्हा नकाशा हातात घेताना विचारायचं ते हे: कोणत्या खोलीत, कोणत्या महिन्यात, किती वाजता ऊन हवं आहे, आणि किती वाजता अजिबात नको?

आमच्या आधीच्या घरात अभ्यासाची खोली पश्चिमेला होती. मोठी काच, समोर मोकळं आकाश. दुपारी साडेतीननंतर तिथे पुस्तकाच्या पानाकडे बघवत नसे आणि रात्री जेवणं झाली तरी भिंत हाताला गरम लागे. पडदे लावले, मग जाड पडदे लावले. फरक जेमतेम पडला. काचेतून एकदा आत आलेलं ऊन पडद्यावर पडून तिथेच उष्णता होतं, आणि ती खोलीतच राहते. ही चूक नकाशावर एका रेघेने टळली असती, म्हणून हे सगळं इतक्या तपशिलात लिहितो आहे.

आधी खरी उत्तर दिशा शोधा

मोबाईलमधलं होकायंत्र सहसा चुंबकीय उत्तर दाखवतं. खरी उत्तर आणि ती यांत काही ठिकाणी अंश-दीड अंशाचाच फरक असतो, पण काही प्रदेशांत तो दहा-पंधरा अंशांवर जातो. जवळ लोखंडी सळ्या किंवा गाडी असेल तर सुई आणखी भरकटते.

त्यापेक्षा जुनी शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची, रीत वापरा. प्लॉटवर सपाट जागी एक काठी अगदी ओळंब्यात उभी रोवा. सकाळी दहाच्या सुमारास सावलीचं टोक जिथे असेल तिथे खूण करा आणि काठी मध्यभागी धरून त्या खुणेतून जाणारं वर्तुळ आखा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबत जाऊन वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. घड्याळाचे बारा आणि खरा मध्यान्ह सहसा जुळत नाहीत, म्हणून घड्याळ बघून सावली मोजू नका.

आपल्या अक्षांशावरचा सूर्य

पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा होतो. ९० मधून आपला अक्षांश वजा केला की २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून किती वर असेल ते मिळतं. त्यात २३.५ मिळवले की २१ जूनची उंची, वजा केले की २२ डिसेंबरची. (हे उत्तर गोलार्धासाठी. दक्षिण गोलार्धात राहत असाल तर या हिशेबात आणि इथून पुढे उत्तर-दक्षिण आणि जून-डिसेंबर यांची अदलाबदल करून वाचा.)

४० अक्षांशावर हे आकडे ७३.५ आणि २६.५ येतात. उन्हाळ्यात सूर्य उंच, हिवाळ्यात बराच खाली, आणि दोन्ही वेळा दक्षिणेलाच. २० अक्षांशावर मात्र डिसेंबरात ४६.५ आणि जूनमध्ये ९३.५, म्हणजे सूर्य डोक्यावरून पलीकडे गेलेला. साधारण २० मे ते २३ जुलै तिथे मध्यान्हीचं ऊन उत्तरेकडून येतं. ‘उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही’ हे सगळीकडे खरं नसतं, ते असं. शिवाय जूनमध्ये सूर्य उगवतो आणि मावळतोही नेमक्या पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला: २० अक्षांशावर सुमारे २५ अंश, ४० वर सुमारे ३१.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवा

एवढा एक निर्णय बरोबर घेतला तरी निम्मं काम झालं असं मी मानतो. घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरली की मोठ्या भिंती उत्तर-दक्षिणेला येतात आणि अरुंद भिंती पूर्व-पश्चिमेला. दक्षिणेचं ऊन आवरता येतं, कारण दुपारी ते वरून येतं. पूर्व-पश्चिमेचं ऊन आडवं येतं. त्याला छज्जा पुरत नाही. रेघ पंधरा-वीस अंशांनी तिरकी झाली तर फार बिघडत नाही, तेव्हा प्लॉट वाकडा आहे म्हणून हताश होऊ नका. रस्ता पश्चिमेला असेल तर दार तिकडे असू द्या; मोठ्या काचाही तिकडेच असाव्यात असं काही नाही.

दोन्ही बाजूंचं ऊन सारखंच असलं तरी पूर्वेचं सोसतं, पश्चिमेचं जाचतं. सकाळी हवा आणि भिंती रात्रभर निवलेल्या असतात. दुपारी हवा आधीच तापलेली, त्यात तिरपं ऊन थेट भिंतीवर. जाड भिंत ती उष्णता काही तास धरून ठेवते आणि आत सोडते ती नेमकी झोपायच्या वेळी. म्हणून उष्ण हवामानात पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठी किंवा भिंतभर कपाटं टाका. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात मात्र दिवसभराच्या वावराची खोली दक्षिणेला हवीच. घरातली माणसं किती वाजता कुठे असतात ते आठवडाभर लिहून काढा आणि मगच खोल्यांना दिशा द्या. सकाळी लवकर उठणाऱ्याला पूर्वेची खोली आवडेल. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्याला तीच नकोशी होईल.

छज्जा मोजून काढा

छज्जा सगळीकडे एकाच मापाचा काढायची सवय सोडायला हवी. दक्षिणमुखी खिडकीवर मध्यान्ही सावली किती खाली येते, हे छज्ज्याच्या रुंदीला सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या टॅनने (कॅल्क्युलेटरवरचं tan) गुणून कळतं. ६० सेंटिमीटरचा छज्जा ४० अक्षांशावर जूनमध्ये सुमारे २ मीटर सावली देतो, म्हणजे अख्खी खिडकी झाकतो; डिसेंबरात फक्त ३० सेंटिमीटर, म्हणजे ऊब आत येते. २० अक्षांशावर त्याच छज्ज्याची डिसेंबरातली सावली सुमारे ६३ सेंटिमीटर. पश्चिमेला उभ्या पट्ट्या, जाळी, बाहेरून लावलेल्या झडपा किंवा झाड कामाला येतं. थंडीत पानं गाळणारं झाड असेल तर उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन, दोन्ही मिळतं.

सूर्य डोक्यावर येणाऱ्या प्रदेशात उन्हाळ्यातलं सर्वांत जास्त ऊन छप्पर झेलतं आणि तिथे घराची दिशा काही करू शकत नाही. तिथे उष्णतारोधक थर आणि पांढरा रंग यांसाठी सुरुवातीपासून तरतूद ठेवा.

शेजार आणि शेवटची चाचणी

समोरची १० मीटर उंच इमारत ४० अक्षांशावर डिसेंबराच्या मध्यान्ही २० मीटर लांब सावली टाकते, २० अक्षांशावर साडेनऊ. शेजारचा प्लॉट मोकळा असेल तर तिथे उद्या काय उभं राहू शकतं ते धरून चाला.

नकाशा पक्का करण्याआधी पुठ्ठ्याचं छोटं घर करा, खिडक्या कापा. प्लॉटवर नेऊन शंकूच्या रेघेवर बसवा. सकाळी नऊला, मध्यान्ही आणि चारला कवडसे कुठे पडतात त्यांचे फोटो काढा. इतर महिन्यांसाठी घरी अंधारात टॉर्च धरा, काढलेल्या कोनांवर. खोलीत नको तिथे तिरीप आली की पेन्सिलने खिडकी हलवा आणि पुन्हा बघा. मग ते फोटो घेऊन वास्तुरचनाकाराकडे जा आणि नकाशावर प्रत्येक खिडकीशेजारी ऊन येण्याची वेळ लिहून घ्या.