सर्दीची "रातवाली गोळी" मागणाऱ्यांनो, या चुका टाळा

इंदूरमध्ये मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून 19 वर्षं झाली. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊनंतर येणाऱ्यांची मागणी एकच, "भिया, वो रातवाली दे दो, सुबह तक ठीक होना है." मराठी घरातलं कोणी असलं तर "दादा, ती झोप येते ना, ती द्या." अहो, सकाळपर्यंत काहीही ठीक होत नसतं. सर्दी व्हायरसची, ती तिचे सात-दहा दिवस घेणारच, रात्रीचं औषध फक्त नाक, खोकला, अंगदुखी जरा दाबून तुम्हाला झोपू देतं, बस.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, जिच्यावर मी तासभर बोलू शकतो: एकच औषध तीन नावांनी घेणं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एक मावशी दुकानात आल्या, म्हणाल्या उलटीवर काहीतरी दे, दोन दिवस पोटात काही ठरत नाहीये. चेहरा उतरलेला. मी विचारलं, सध्या काय काय घेताय? तर त्यांनी पर्सच उलटी केली काउंटरवर. तापासाठी पॅरासिटामॉलची 650 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. सर्दीची गोळी, तीही तीनदा, आणि तिच्यात पॅरासिटामॉल 500. वर मुलानं अमेरिकेहून आणलेली सर्दीच्या हिरव्या औषधाची बाटली, रात्री झोपताना 30 मिली आणि पहाटे जाग आली की परत 30 मिली. बाटलीवर लिहिलेलं अ‍ॅसिटामिनोफेन. मावशी शाळेत शिक्षिका होत्या, इंग्रजी वाचता येतं, त्यांनी वाचलंही होतं, "वेगळं औषध आहे म्हणून घेतलं रे." वेगळं कसलं, अमेरिकेत पॅरासिटामॉललाच अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात! 30 मिलीत 650 मिलिग्रॅम. मी तिथेच बिलाच्या मागे बेरीज केली, 1950 अधिक 1500 अधिक 1300, म्हणजे दिवसाला 4750. धडधाकट मोठ्या माणसाची हद्द 24 तासांत 4000, आणि मावशींचं वजन जेमतेम 45 किलो, म्हणजे त्यांची हद्द त्याहून खालीच. उलटीची गोळी दिली नाही, रिक्षात बसवून हॉस्पिटलला पाठवलं. लिव्हरच्या तपासण्या बिघडलेल्या, दोन दिवस सलाइनमधून उतारा दिला, निभावलं. या ओव्हरडोसची लबाडी अशी की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतच नाही, मळमळ झालीच तर माणूस म्हणतो सर्दीमुळे असेल.

यात आमचाही दोष आहे, कबूल करतो. चार गोळ्या मागितल्या की आम्ही कात्रीनं पट्टी कापून देतो आणि नेमकी घटकांची नावं दुसऱ्या तुकड्यावर राहतात. म्हणून आता मी कापायच्या आधी गिऱ्हाइकाला म्हणतो, मोबाइल काढा, पट्टीच्या मागचा फोटो घ्या. लोक वैतागतात, मागे लाइन असते, वैतागू देत. घरी माझी सवय म्हणजे पट्टीवरच मार्करनं वेळ लिहायची, "रात्री 10:15". तापात कोणाला आठवतंय आधीची गोळी कधी घेतली ते.

दुसरी चूक म्हातारी माणसं करतात, आणि खरं तर त्यांची मुलं करतात. या गोळ्यांत झोप आणणारा घटक बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन. आजोबांना झोप लागत नाही म्हणून सर्दी गेल्यावरही तीच गोळी रोज चालू ठेवणारी घरं मला माहीत आहेत. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर त्यानं लघवी अडकते. एका काकांची रात्री तीनला अडकली, पहाटे कॅथेटर घालावा लागला, का तर शेजाऱ्यानं "मला छान लागू पडली" म्हणून दिलेली गोळी. काचबिंदू असेल तर तीही जोखीम, आणि रात्री बाथरूमला उठताना पाय घसरणं वेगळंच. तरण्यांनीही शहाणपणा करू नये, हा घटक अंगातून निम्मा उतरायला वीसेक तास लागू शकतात, तेव्हा सकाळी पोहे-जिलेबी खाऊन स्कूटर काढताना डोळे जड असतील तर काढू नका. आणि या गोळीवर दारू? नाही म्हणजे नाही.

बीपीवाल्यांनी नाक मोकळं करणाऱ्या घटकाकडे, म्हणजे फेनिलेफ्रिनकडे, आधी बघावं. तसंही पोटातून घेतलेलं फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर चालत नाही असं अमेरिकेतल्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेच्या, तज्ज्ञांनी 2023 मध्ये सांगून टाकलंय. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं खोकल्याचं औषध विचारल्याशिवाय नको. काही सर्दीच्या गोळ्यांत कॅफीन असतं, ती रात्री घेऊन "झोपच आली नाही" म्हणत माझ्याशी भांडायला येऊ नका. घरातला चमचा वापरू नका, बाटलीचं झाकण कशाला दिलंय? आणि अँटिबायोटिकचा तीन गोळ्यांचा कोर्स मागूच नका, व्हायरसला काही होत नाही.

लहान मुलांना मोठ्यांचं औषध "अर्धं" करून द्यायचं नाही. 2025 साली आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, कफ सिरपमधल्या विषारी डायइथिलीन ग्लायकॉलनं मुलं गेली, त्यानंतरही लोक दोन वर्षांच्या बाळासाठी सिरप मागतात तेव्हा माझा आवाज चढतो. केंद्रानं तेव्हाच सांगितलंय, दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं नकोत आणि पाचच्या खालीही सहसा नाहीच. मी नकार देतो, ते पुढच्या दुकानात जातात.

राहिलं नाकाचे थेंब. यात मी स्वतःच गाढव ठरलोय. झायलोमेटाझोलिन, रात्री दोन थेंब, दोन मिनिटांत नाक उघडं, काय सुख! तीन दिवस, फार तर पाच, हे मी रोज लोकांना सांगतो आणि स्वतः दीड महिना टाकत बसलो. मग थेंब टाकले नाहीत की नाक आपोआप बंद, सर्दी कधीच गेलेली, थेंबच नाक चोंदवत होते. शेवटी एकाच नाकपुडीत टाकायचे बंद केले, ती सुटल्यावर दुसरीत. दोन आठवडे तोंड उघडं टाकून झोपलो, बायको दुसऱ्या खोलीत झोपायला गेली.