म्हशीचं शास्त्र घोडीला लावू नका

कोल्हापुरात जनावर बघायला शिकलेल्या माणसाचा घोडीपुढे पहिला घोटाळा होतो तो सोटावरून, म्हणजे माजात गळणाऱ्या चिकट स्रावावरून. म्हशीच्या शेपटीला काचेसारखा सोट दिसला की माज, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं. माझंही तसंच. करवीर तालुक्यात गोठ्यातच वाढलो, पुढे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो, तरी डोळा म्हशीचाच राहिला. आता वरातीच्या, रंकाळ्यावरच्या आणि शर्यतीच्या घोड्या बघतो. या कामात नवीन येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

घोडीला माजात असा लांब सोट येत नाही. निरण, म्हणजे योनीचं तोंड, थोडं ओलसर, सैल होतं, एवढंच. शेपटीच्या केसांना किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला पांढरट-पिवळं काही वाळून चिकटलेलं असेल तर ते गर्भाशयाचं दुखणं समजा आणि तपासायला लागा. मी गेल्यागेल्या तोंडाआधी शेपूट बघतो. मालक हसतात, हसू देत.

माज ओळखायचा तो वागण्यावरून. लाकडी आडोशापलीकडे नर घोडा आणला की माजावरची घोडी शेपूट बाजूला घेते, मागचे पाय फाकवून थोडी बसल्यासारखी होते, थोडं थोडं मुतते आणि निरणाची उघडझाप करते. माजात नसलेली कान मागे पाडून किंचाळते, लाथ झाडते. चक्र साधारण २१ दिवसांचं, म्हणजे म्हशीसारखंच. पण म्हशीचा माज दिवसभरात आटपतो, घोडीचा ५ ते ७ दिवस चालतो आणि बीज सुटतं ते माज संपायच्या आधीच्या एक-दोन दिवसांत. म्हणून "माजावर आली" ही नोंद अर्धीच आहे. कधी आली आणि कधी थंडावली, दोन्ही तारखा वहीत हव्यात. थंडीत दिवस लहान असताना बऱ्याच घोड्या गप्प राहतात, तो आजार नाही. शिंगरू पायाशी असलेली घोडी तर कधी कधी माज दाखवायलाच तयार नसते.

म्हाताऱ्या, हाडकुळ्या घोडीचं निरण मागून नीट बघा. ते सरळ उभं असायला हवं. गुदद्वार आत ओढलं गेलं की निरणही तिरपं होतं, लीद त्यावर पडते आणि चालताना आत हवा गेल्याचा आवाज येतो. अशी घोडी वारंवार उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, मालक मात्र नर घोड्याला दोष देत बसतो. वरचा भाग टाके घालून बंद केला की बऱ्याचदा काम होतं. फक्त ते टाके विण्याच्या आधी उघडायचे असतात, म्हणून त्याचीही नोंद हवी.

गाभण काळ साधारण ३४० दिवसांचा, पण त्यात पंधरा-वीस दिवस इकडेतिकडे चालतं. नर लावल्यावर १४ ते १६ दिवसांनी सोनोग्राफी करून घ्या. गाभण आहे का, यापेक्षा जुळं नाही ना, हे बघायला. घोडीला जुळं पेलत नाही, बहुतेक वेळा गाभडते. शेवटच्या २ ते ४ आठवड्यांत कास भरते, मग सडांच्या टोकांना मेणासारखे पिवळसर थेंब दिसतात. हे ठीक. महिना-दीड महिना बाकी असताना दूध गळायला लागलं तर "लवकर पान्हावली" म्हणून पेढे वाटू नका. वारेला, म्हणजे पोटातल्या शिंगराला पोसणाऱ्या आवरणाला, संसर्ग असेल, नाहीतर जुळं. आणि दिवस भरत आलेली घोडी पोट दुखल्यासारखी लोळली तर गर्भाशयाला पीळ पडलाय का, हे आधी डोक्यात यायला हवं.

घोडी बहुधा रात्रीच विते. माणूस हलायची वाट बघते, असं घोडे सांभाळणारे मोतद्दार म्हणतात. मी चारदा चहाला गेलोय आणि चारदा आलो तेव्हा शिंगरू खाली होतं. पाणी फुटल्यावर २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर हवं. म्हशीसारखे तास मोजत बसायला इथे वेळ नसतो. आधी दिसायला हवी ती पांढुरकी, निळसर पिशवी. मखमलीसारखी लालभडक पिशवी पुढे आली तर वार आधीच सुटली आहे आणि आत शिंगरू गुदमरतंय. फोन कानाला लावा, पण हात थांबवू नका. पिशवी फाडा आणि शिंगरू बाहेर ओढा.

आता माझी चूक. शिकाऊ असताना पहाटे एका मालकाचा फोन आला, घोडी व्यायली, वार लोंबतीय. मी म्हटलं, "थांबा काका, बारा तास बघू." हे बारा तास म्हशीचे होते. घोडीची वार ३ तासांत पडायला हवी, पुढे प्रत्येक तास महागात पडतो. संध्याकाळपर्यंत ताप चढला. तिसऱ्या दिवशी घोडी पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी होती, खूर हाताला गरम लागत होते. गर्भाशयातलं विष खुरांत उतरलं होतं. जगली, पण वरातीत पुन्हा नाचली नाही. काका मला कधी बोलले नाहीत, तेच जास्त लागतं.

लोंबती वार ओढायची नाही. घोडीच्या पायाखाली येणार नाही अशी वर गुंडाळून बांधायची आणि डॉक्टरला बोलवायचं. पडली की फेकायचीही नाही, बादलीत झाकून ठेवायची. मी ती पोत्यावर पसरतो. गर्भाशयाला दोन फाटे असतात, त्यांना शिंगं म्हणतात; वारही तशीच, दोन शिंगांची पँट पसरल्यासारखी दिसते. दोन्ही टोकं शाबूत आहेत का, ते बोटांनी चाचपतो. गर्भ नसलेल्या शिंगाचं टोक बारीक असतं आणि तेच बहुधा आत तुटून राहतं.

मागच्या पावसाळ्यात असंच बसलो होतो. शिंगरू तासाभरात उभं राहिलेलं, दोन तासांच्या आत चीक प्यायलेलं, वारही पडलेली. सगळे खूश. म्हातारा मोतद्दार मामा मागून म्हणाला, "डाक्तर, आता काय बघताय त्यात? म्हशीची तर आम्ही लगेच पुरतोय."

"मामा, बॅटरी जरा इकडं धरा," म्हटलं. बारीक शिंगाचं टोक नव्हतं.