जुन्या लेथचा टेपर ओळखणे आणि त्याला बसणारी स्लीव्ह मिळवणे

मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानात स्लीव्ह, म्हणजे लेथच्या टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) बसणारी जोड-नळी मागितली, की पहिला प्रश्न टेपरच्या नंबराचाच येतो. त्यामुळे जुन्या लेथवरची माहितीची पट्टी निघून गेली असेल, तर मोजमाप गाळ्यातच उरकून मग बाजारात जावे.

वीज बंद करून स्पिंडलचा (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) बोर, म्हणजे आतले भोक, रॉकेलच्या फडक्याने पुसावा. मुंबईच्या दमट हवेत पडून राहिलेल्या मशीनला गंजाचे खड्डे असतातच, पण त्यांनी फारसे बिघडत नाही. बिघडते ते ओरखड्यांच्या वर आलेल्या कडांमुळे, आणि त्या बोटाने चाचपून बारीक ऑइलस्टोनने उतरवाव्यात.

मोर्स या नेहमीच्या टेपर-मालिकेत तोंडाकडचा व्यास २ नंबरला १७.७८०, ३ नंबरला २३.८२५, ४ नंबरला ३१.२६७ आणि ५ नंबरला ४४.३९९ मिलिमीटर असतो. मात्र एवढ्यावर निर्णय देऊ नये. तोंड घासलेले असू शकते, आणि काही कारखाने उतार तोच ठेवून टेपर तोंडाकडून आखूड करत, त्यामुळे व्यास कोणत्याच नंबराशी जुळत नाही.

म्हणून उतार मोजावा, आणि त्यासाठी लेथच वापरावा. लिव्हर डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे मापक) टूलपोस्टवर, म्हणजे हत्यार धरणाऱ्या खांबावर, स्पिंडलच्या मध्यरेषेच्या उंचीला बांधून त्याचे टोक बोरच्या भिंतीला टेकवावे, स्पिंडल न फिरवता कॅरेज (टूलपोस्ट वाहणारा सरकता भाग) २५ मिलिमीटर सरकवावी आणि काट्यातला फरक लिहून घ्यावा. हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा डावीकडचा भाग) किंचित तिरका असल्यास चूक होऊ नये म्हणून समोरच्या भिंतीवरही तसेच मोजून दोन्हींची सरासरी काढावी. मोर्स ३ ला हा फरक ०.६२७, ४ ला ०.६४९ आणि ५ ला ०.६५८ मिलिमीटर येतो. ब्राउन अँड शार्प या दुसऱ्या टेपर-मालिकेच्या बहुतेक नंबरांना तो ०.५२ च्या आसपास येत असल्याने तो टेपर लगेच वेगळा ओळखता येतो. जार्नो या आणखी एका मालिकेचा फरक ०.६२५ असल्यामुळे मोर्स ३ आणि जार्नो यांचा निवाडा उतारावरून होत नाही, तिथे व्यासच पाहावा लागतो: जार्नोच्या नंबराला ८ ने भागले, की मोठ्या टोकाचा व्यास इंचात मिळतो.

नंबर ठरल्यावर त्याच नंबरच्या चांगल्या सेंटरवर (टोकदार, निमुळत्या दांड्यावर) प्रशियन ब्लू या निळ्या तपासणी रंगाच्या तीन पातळ उभ्या रेघा ओढून ते बोरमध्ये हलके फिरवावे. निळा रंग पूर्ण लांबीभर पुसला गेला तर टेपर जुळला. एकाच टोकाला पुसला गेला तर नंबर चुकला आहे किंवा बोर झिजला आहे. व्यासातला उतार साधारण १:२० असल्याने बोरचा व्यास ०.०५ मिलिमीटरने झिजला, तरी सेंटर सुमारे १ मिलिमीटर आत जाते.

बाहेरून ५ व आतून ३, किंवा बाहेरून ४ व आतून २ अशा स्लीव्ह तयार मिळतात. हेडस्टॉकमध्ये कोलेट (काम पकडणारी चिरलेली नळी) ड्रॉबारने, म्हणजे मागून घातलेल्या आट्यांच्या सळईने, ओढायचे असेल, तर टँगची (मागे चपटे शेपूट असलेली) नव्हे, आरपार भोकाची स्लीव्ह घ्यावी. नुसते सेंटर बसवायचे असेल तर टँगची स्लीव्हही चालते, पण ड्रिफ्टची (ठोकून काढायच्या पाचरीची) खाच स्पिंडलच्या आत दडत असल्याने मागून पितळी टोकाची सळई सारून दोन्ही एकत्र काढावे लागतात. जुळणारा नंबरच नसेल, तर स्लीव्ह मोजलेल्या बोरप्रमाणे ग्राइंड करून घ्यावी. स्वस्त पडते म्हणून स्पिंडलच रीमरने मोठा करण्याचा सल्ला मिळेल, तो मानू नये.

चकसाठी (काम पकडणाऱ्या जबड्यांच्या साधनासाठी) ॲडॉप्टर हवा असेल, तर हा टेपर कामाचा नाही. तिथे स्पिंडलच्या नाकाच्या (पुढच्या टोकाच्या) बाहेरच्या आट्यांचा व्यास, दर इंचातील आटे आणि आट्यांमागचा सपाट रजिस्टर (नेमके बसवण्याचा भाग) मोजून बिडाची बॅकप्लेट (चक बसवायची तबकडी) करून घ्यावी, व जुन्या ब्रिटिश लेथवर ५५ अंशांचा व्हिटवर्थ आटा असण्याची शक्यता आधी पिच गेजने तपासावी.