आर्टेमियाचा मोठा डबा घेण्याआधी ही चाचणी करा

लॉब्स्टरच्या छोट्या हॅचरीत (पिल्लं काढून वाढवण्याच्या जागेत) बरेच पैसे वाया जातात ते आर्टेमियाच्या, म्हणजे लॉब्स्टरच्या पिल्लांना खाऊ घालायच्या बारीक कोळंबीसारख्या जिवाच्या, अंड्यांवर. डब्यावर काहीही छापलेलं असो, जुन्या किंवा दमट मालातली बरीच अंडी फुटतच नाहीत. त्यामुळे आधी लहान पाकीट मागवा, तेही त्याच बॅचचं.

1. बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा. त्यात 1 लिटर पाणी, 25 ते 30 ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा टाका.
2. 1 ग्रॅम अंडी मोजून घाला. तापमान 28 अंशांच्या आसपास ठेवा, दिवा चालू ठेवा आणि हवेची नळी थेट तळाशी सोडा. अंडी खाली बसली की संपलं.
3. 24 तासांनी हवा चालू असतानाच ड्रॉपरने पांढऱ्या बशीत थोडं पाणी घ्या. आयोडीनचा एक थेंब टाकला की पिल्लं थांबतात. ती भिंगाखाली मोजा.
4. आता त्यातच ब्लीचचे काही थेंब. रिकामी टरफलं विरघळतात, न फुटलेली अंडी नारिंगी दिसतात. तीही मोजा.

दोन्ही आकड्यांच्या बेरजेत पिल्लांचा वाटा किती, ते पाहा. दहात आठ असतील तर माल चांगला. पाच असतील तर स्वस्त डबाही महागच पडतो. बशीतलं पाणी मात्र फेकून द्या, टाकीत नको.

पंप-व्हॉल्व्ह घेताना पितळी भाग टाळा, प्लास्टिकचेच घ्या: पितळातलं तांबं पाण्यात उतरतं आणि लॉब्स्टरच्या पिल्लांना ते विषारी असतं.